आज्ञावलीची मांडणी एकदांच ठरवावी

आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतून संगणकाचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या अलीकडे हातीं येतात, तेव्हां त्यांचें बाह्य रूप पाहून मन प्रसन्न होतें. हातानें आंखलेली वही मागें पडत चालली असून कित्येक मुलें व मुली आपला अहवाल लाटेक नांवाच्या साधनानें जुळवून छापून आणूं लागलीं आहेत. समास सारखे, मथळे ठसठशीत, गणिताचीं सूत्रें एखाद्या नामांकित छापखान्यांतून निघालेल्या पुस्तकांत असावींत तशीं. परंतु पानें उलटतां उलटतां आज्ञावली छापलेल्या भागाशीं आलें कीं हा आनंद एकदम ओसरतो. एका पानावर ओळींस आकडे आहेत, पुढल्या पानावर नाहींत. एके ठिकाणीं आज्ञावलीभोंवतीं चौकट आहे, दुसऱ्या ठिकाणीं करडा रंग पसरलेला. येथें महत्त्वाचे शब्द निळे, तेथें जांभळे, आणि तिसरीकडे एक लांब ओळ समासाबाहेर जाऊन कागदाच्या कडेशीं तुटलेली. तिघांनीं मिळून केलेल्या एका प्रकल्पाच्या वहींत आज्ञावलीचीं तीन रूपें आढळावींत हें बरें दिसत नाहीं. केवळ बरें दिसत नाहीं एवढाच प्रश्न असता, तर त्यासाठीं मासिकाचीं पानें अडविण्याचें आम्हांस प्रयोजन नव्हतें.

या विसंगतीचें कारण आळस नव्हे. उलट फाजील उद्योग हें आहे. प्रत्येक आज्ञावलीच्या डोक्यावर विद्यार्थी मांडणीच्या दहा-बारा सूचना लिहितो: अक्षर केवढें असावें, आकडे कोठें यावे, टिपांचा रंग कोणता, ओळ लांबली तर मोडावी कीं नाहीं. पुढची आज्ञावली आली म्हणजे त्याच सूचना वरून उचलून खालीं चिकटवितो. चिकटवितांना एखादी सुटते, एखादी मित्राच्या वहींतून आलेली असते, एखादी कोणा परक्याच्या लेखांतून अर्थ न कळतां उचललेली असते. वीस आज्ञावल्या झाल्या कीं एकाच गोष्टीविषयीं वीस हुकूम वहींत ठिकठिकाणीं विखुरलेले असतात, आणि त्यांपैकीं कोणता खरा हें लिहिणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं.

पालकवर्गाच्या सोयीसाठीं येथें थोडा खुलासा करणें अवश्य आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत अध्यापन करणारे डोनाल्ड नूथ यांच्या संगणकविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. तिचीं कच्चीं मुद्रितें १९७७ सालीं त्यांच्या हातीं आलीं. नव्या यंत्रांवर जुळविलेल्या त्या अक्षरांचें रूप त्यांस इतकें अप्रिय वाटलें कीं, छापखान्याशीं वाद घालीत न बसतां त्यांनीं स्वतःच अक्षरजुळणीची 'टेक' नांवाची यंत्रणा रचण्यास घेतली. तिच्या पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं पुढल्या दशकांत लाटेक उभें केलें. त्याचें मार्गदर्शक पुस्तक १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. लाटेकचें तत्त्व थोडक्यांत असें कीं, लेखकानें मजकूर लिहावा आणि हा मथळा, हा परिच्छेद, ही आज्ञावली एवढेंच सांगावें. तें छापून कसें दिसावें हें निराळ्या ठिकाणीं ठरलेलें असतें. आज्ञावल्या छापण्यासाठीं लाटेकला 'लिस्टिंग्ज' नांवाचें पॅकेज जोडतात. कार्स्टन हाइन्झ यांनीं तें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रचलें, आणि आजहि तें सर्वत्र वापरांत आहे.

आतां गंमत अशी कीं, ज्या साधनाचें तत्त्वच मजकूर व मांडणी यांची फारकत हें आहे, तेंच साधन हातीं घेऊन आमचे विद्यार्थी आज्ञावलीपुरती त्या दोहोंची पुन्हां गांठ मारून टाकतात. वास्तविक उपाय पॅकेजांत तयारच आहे. अहवालाच्या आरंभीं एकदां 'एलएसटी सेट' ही आज्ञा दिली कीं तींत सांगितलेल्या सूचना तेथून पुढच्या सर्व आज्ञावल्यांस लागू होतात. ज्या वहींत एकाच भाषेंतील आज्ञावल्या आहेत तेथें एवढ्यानें भागतें. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या वहींत बहुधा पायथन असते, वेबपृष्ठाची एचटीएमएल असते, शिवाय आज्ञावलीनें पडद्यावर काढून दाखविलेलें उत्तरहि छापावयाचें असतें. उत्तरास ओळींचे आकडे कशाला हवेत? अशा वेळीं 'एलएसटी डिफाइन स्टाइल' या आज्ञेनें मांडणीस नांव देऊन ठेवावें. 'पाया' नांवाची एक मांडणी करावी. अक्षराचा आकार, ओळ मोडणें, टॅबची रुंदी असें सर्वांस समान तेवढेंच तींत घालावें. मग 'पायथन' नांवाची मांडणी करतांना प्रथम 'पाया' बोलवावी आणि पायथनपुरतें जें वेगळें तेवढें जोडावें. 'उत्तर' नांवाच्या मांडणींत आकडे काढून टाकावे. यानंतर वहींत कोठेंहि आज्ञावली आली कीं तिच्या डोक्यावर एकच शब्द पुरतो. हा सगळा भाग अहवालांतून उचलून स्वतंत्र फाइलींत ठेवला, म्हणजे दुसरा अहवाल, तिसरा अहवाल, धाकट्या बहिणीचा पुढल्या वर्षींचा अहवाल, या सर्वांस तीच फाइल एका ओळीनें बोलावतां येते.

पाचूबंदरांतील वडील मंडळींस ही गोष्ट आम्हीं शिकवावी असें नाहीं; तीच त्यांनीं आम्हांस शिकवावी. यंत्रावर विणलेलें नायलॉनचें जाळें बाजारांत येण्यापूर्वीं कोळ्याच्या घरीं सुताचें जाळें हातानें विणलें जाई, आणि प्रत्येक आस सारखा यावा म्हणून विणणाऱ्याच्या हातीं बांबूची वा लांकडाची एक पट्टी असे. सूत पट्टीभोंवतीं घ्यावयाचें, गांठ मारावयाची, पट्टी पुढें सरकवावयाची. डोल जाळ्याच्या तोंडाशीं आस मोठे, मागें जातां जातां लहान, आणि शेवटच्या 'खोला' नांवाच्या पिशवींत अगदीं बारीक. म्हणजे एका जाळ्यांत मापें अनेक, पण एका मापाची पट्टी एकच. प्रत्येक आस नजरेनें अदमासून विणणारा कोळी कोणीं पाहिला आहे काय? जाळ्याचा एक भाग बापानें विणावा, दुसरा मुलानें विणावा, तरी जोडतांना आस जुळावे, हें त्या पट्टीमुळेंच साधे. तिघां विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पास अशीच पट्टी हवी आहे. आज तिघेहि आपआपल्या नजरेनें विणतात आणि जाळें जोडण्याची वेळ वही देण्याच्या आदल्या रात्रीं येते.

त्या रात्रीचा विचार पालकांनींहि करावा, कारण तिचा संबंध त्यांच्या खिशाशीं आहे. रंगीत पान छापण्यास काळ्या पानाच्या कित्येक पट पैसे पडतात. म्हणून बहुतेक वह्या काळ्या शाईंत छापल्या जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु पडद्यावर सुंदर दिसणारा पोपटी वा पिवळा शब्द काळ्या शाईंत उतरला म्हणजे इतका फिकट होतो कीं परीक्षकास तो वाचतां येत नाहीं. ज्या टिपांत विद्यार्थ्यानें आपली सारी समज ओतलेली असते, त्याच नेमक्या पुसट उमटतात. मांडणी एके ठिकाणीं असेल तर इलाज दोन ओळींचा आहे: रंग काढावा, महत्त्वाचे शब्द ठळक करावे, टिपा तिरप्या अक्षरांत घालाव्या. मांडणी वीस ठिकाणीं विखुरलेली असेल तर वीस ठिकाणीं शोधाशोध, दोन जागा नजरेंतून सुटणें, पुन्हां छापणें, पुन्हां पैसे. ज्या घरीं मुलगी शाळेंतून आल्यावर बोंबील वाळत घालण्यास आईस हात लावते आणि मग दिवेलागणीनंतर अभ्यासास बसते, त्या घरीं हे दोन तास कोठून आणावयाचे?

मांडणी बाहेर नेल्यानें आणखी एक लाभ होतो, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यानें चालविलेली आज्ञावली आणि वहींत छापलेली आज्ञावली एकच आहे, याची खात्री पटते. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत सर्वांस ठाऊक आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे अष्टमीस सहाच्या सुमारास भरती. एखाद्या विद्यार्थिनीनें या रीतीची पायथनमध्यें आज्ञावली केली असें समजूं. आज्ञावली बरोबर आहे, पडद्यावर सहा हेंच उत्तर येतें. पण वहींत उतरवितांना तिनें ती हातानें पुन्हां टंकली आणि ०·७५ च्या जागीं ०·५७ पडलें. छापलेल्या आज्ञावलीप्रमाणें अष्टमीची भरती साडेचारांच्या सुमारास येते, आणि शेजारीं छापलेलें उत्तर मात्र सहा! परीक्षकानें काय समजावें? उत्तर कोणाचें तरी उतरून घेतलें, असेंच ना? लिस्टिंग्ज पॅकेजांत आज्ञावलीची मूळ फाइलच थेट वहींत ओढून घेण्याची सोय आहे. मधलाच कांहीं भाग घेतला तरी ओळींचे आकडे मूळ फाइलींतलेच राहतात. मांडणीस नांव दिलेलें असलें म्हणजे वहींत फाइलीचें नांव आणि मांडणीचें नांव, एवढेंच लिहावयाचें उरतें. हातानें टंकण्यास जागाच राहत नाहीं.

मराठी मुद्रणानेंहि असाच एक पल्ला पार केला आहे. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत मराठी पंचांग छापलें तें शिळाप्रेसवर; तेथें प्रत्येक पानाचें प्रत्येक अक्षर शिळेवर उतरविण्यासाठीं नव्यानें लिहावें लागे. पुढें अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत हें काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं उत्तम देवनागरी खिळे ओतले आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. खिळ्याचें रूप ठसा कोरतांना एकदां ठरलें कीं मग तें हजारों पानांवर जसेंच्या तसें उमटतें. सूचना पुन्हां पुन्हां चिकटविणारा विद्यार्थी हातीं खिळे असून शिळेवर लिहीत बसतो, असें म्हटलें तर तें वावगें होऊं नये.

मोठ्या प्रमाणावर हें कसें साधतें याचें उदाहरण फार दूर शोधावयास नको. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत मुक्त संगणकप्रणालींच्या प्रसारासाठीं 'फॉसी' नांवाचा प्रकल्प चालतो. त्यास भारत सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय योजनेतून अर्थसाहाय्य मिळालें. या प्रकल्पानें अभियांत्रिकीच्या नामांकित पाठ्यपुस्तकांतील सोडविलेल्या उदाहरणांच्या आज्ञावल्या 'सायलॅब' या गणिती प्रणालींत करून घेतल्या आणि त्यांचीं जोडपुस्तकें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. अशीं पुस्तकें शेंकड्यांनीं आहेत. तीं करणारे विद्यार्थी देशांतील निरनिराळ्या महाविद्यालयांतले, एकमेकांचें तोंडहि न पाहिलेले. तरी कोणतेंहि पुस्तक उघडावें, आज्ञावलीचें रूप तेंच. प्रत्येक आज्ञावलीच्या माथ्यावर मूळ पुस्तकांतील उदाहरणाचा क्रमांक, डाव्या बाजूस ओळींचे आकडे, आरंभीं सर्व आज्ञावल्यांची सूचि. विद्यार्थ्यानें आज्ञावली आणि तिचा मथळा द्यावयाचा. पानाची मांडणी लाटेकमध्यें एकदांच ठरलेली. जें शेंकडों अनोळखी लेखकांस साधलें तें एका शाळेच्या एका वर्गास साधूं नये, असें आम्हांस वाटत नाहीं.

यावर विद्यार्थ्यांकडून येणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: सगळ्यांच्या वह्या सारख्याच दिसूं लागल्या तर आमचें वैशिष्ट्य तें काय राहिलें? या आक्षेपास आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. वैशिष्ट्य आज्ञावलींत दाखवावें. चौकटीच्या रंगांत दाखविण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. परंतु शिक्षकांचा आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, तयार फाइल हातीं दिली कीं मुलें ती डोळे मिटून वापरतील आणि आंत काय आहे हें कधींच जाणून घेणार नाहींत. परक्याच्या सूचना चिकटविणें आणि शाळेची फाइल बोलाविणें यांत मग अंतर काय? हें खरें आहे. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक विद्यार्थ्यानें प्रथम एकदां स्वतःची मांडणी स्वतः लिहावी, एकेक सूचना बदलून पान कसें पालटतें तें पाहावें, आणि मगच सामायिक फाइलीस हात लावावा. त्या फाइलींतहि प्रत्येक ओळीशेजारीं ती कशासाठीं आहे हें मराठींत लिहिलेलें असावें. उदाहरणार्थ, अवतरणांतील मजकुरांत जेथें मोकळी जागा असते तेथें हें पॅकेज, मनाई केली नाहीं तर, लहानशा पन्हळीसारखी एक खूण छापतें. कित्येक मुलें हा छपाईयंत्राचा दोष समजतात. तसेंच आज्ञावलींतील सरळ अवतरणचिन्ह छापतांना वांकडें होतें, आणि छापील प्रतीवरून कोणी ती आज्ञावली उचलून चालवूं गेला तर संगणक ती नाकारतो. या दोहोंसाठीं एकेक ओळ पुरते. पण ती ओळ तेथें कां आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, तो केव्हां तरी ती निरुपयोगी समजून पुसून टाकील.

सामायिक फाइलीचा एक धोकाहि सांगितला पाहिजे. आज तिच्यावर दहा अहवाल उभे आहेत. पुढल्या वर्षीं कोणी अक्षर थोडें मोठें केलें तर मागच्या वर्षींचा अहवाल पुन्हां जुळवितांना त्याच्या ओळी निराळ्या ठिकाणीं मोडतील, पानांचे आकडे सरकतील, अनुक्रमणिका पालटेल. यासाठीं फाइलीच्या माथ्यावर तिची तारीख व आवृत्ति लिहावी (लाटेकमध्यें त्याची रीतसर सोय आहे), आणि अहवाल पुरा झाला कीं त्या दिवशींची फाइल त्याच्याबरोबरच ठेवून द्यावी. चालू कामास सामायिक फाइल, पुऱ्या झालेल्या कामास तिची स्वतःची प्रत, असा भेद केला म्हणजे झालें.

आतां मराठीविषयीं. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांचा विचार मराठींत चालतो. आज्ञावलींतील टिपा त्यांनीं मराठींत लिहाव्या हें स्वाभाविक आहे आणि इष्टहि आहे. परंतु लिस्टिंग्ज पॅकेजाची घडण रोमन लिपीसाठीं झाली, एक अक्षर एक घर अशा हिशेबानें. 'स्त्री' या आपल्या एका अक्षरांत स, त, र आणि दीर्घ ईकार एकत्र नांदतात, हें त्या हिशेबांत बसत नाहीं. जोडाक्षरें विस्कटतात, मात्रा भलतीकडे जातात. त्रासून मुलें मराठी टीप रोमन अक्षरांत लिहितात. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें तें रोमन लिपींत, कारण देवनागरी खिळे नव्हते. त्या वेळीं इलाज नव्हता, आज आहे. देवनागरीसाठीं 'झीलाटेक' हें लाटेकचें रूप वापरावें, आणि टीप लिस्टिंग्जच्या घरांतून बाहेर काढून मुख्य लाटेकच्या हवालीं करण्याची जी सोय त्याच पॅकेजांत आहे ती घ्यावी. म्हणजे टिपा नीट उमटतात. मात्र ही व्यवस्था थोडी खटपटीची आहे. प्रत्येक मुलानें प्रत्येक आज्ञावलीसाठीं ती स्वतंत्रपणें करावी म्हटलें तर कोणीच करणार नाहीं, आणि मराठी टिपा रोमन अक्षरांतच राहतील. कोणी एकानें ती एकदां 'पाया' मांडणींत करून ठेवली, तर सर्वांस आयती मिळेल. सामायिक फाइलीसाठीं दुसरें एकहि कारण नसतें, तरी आम्हांस एवढें पुरें झालें असतें.

राहतां राहिला ओळींच्या आकड्यांचा प्रश्न. पृष्ठांचे आकडे देवनागरी असावे याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. आज्ञावलीच्या ओळींपुरते मात्र ते रोमन लिपीबरोबर चालणारेच ठेवावे असें आमचें मत आहे. चूक झाली म्हणजे पायथन पडद्यावर जो ओळीचा क्रमांक दाखवितें तो त्याच आकड्यांत असतो, आणि वहींतील ओळ शोधतांना दोन्ही सारखे दिसलेले बरे. कांहीं विद्यार्थ्यांचें मत याच्या उलट आहे, असें कळतें. दिवाळीच्या सुटीपूर्वीं फाइल तयार करावयाची आहे. तेव्हां त्यांनीं आपलें म्हणणें त्याआधीं मांडावें. बहुमत देवनागरीकडे पडलें तर 'पाया' मांडणींत तेवढा पालट करणें अवघड नाहीं.